मागचं पद माहीत आहे, पुढचं कसं काढायचं?

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी सातचा पाढा म्हणत होती. 'सात पाचे पस्तीस'पर्यंत गाडी सुरळीत आली आणि 'सात सक' म्हटल्यावर थांबली. तिने डोळे मिटले आणि पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा ती पहिल्यापासून सुरू करणार, तेवढ्यात मी विचारलं, "पस्तीस तर येतात ना तुला? मग त्यात सात मिळव की." तिने बोटं मोजली. बेचाळीस. "आणि सात साते?" या वेळी बोटं न मोजता उत्तर आलं, एकोणपन्नास.

तिच्या हाती त्या क्षणी जे लागलं, तेच या लेखात सांगायचं आहे. मागचं उत्तर हातात असेल आणि त्यावरून पुढचं काढायची रीत माहीत असेल, तर कितीही लांब जाता येतं. अशा रीतीला गणितात पुनरावर्ती नियम म्हणतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या रचनेला पुनरावर्ती आकृतिबंध. नाव जड आहे, पण वस्तू रोजच्या वापरातली आहे. मूल तिसरी-चौथीत असेल, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू असेल, किंवा तुम्ही स्वतः बऱ्याच वर्षांनी गणिताकडे वळत असाल, तर इथून सुरुवात करा. काडेपेटीच्या काड्या, थोडी रांगोळी, चौकटीचा कागद आणि कात्री एवढं सामान जवळ असू द्या. यातलं काहीच नुसतं वाचून समजत नाही, हाताने करावं लागतं.

पहिली पायरी: वहीत दोन ओळी लिहा

चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याच्या उजव्या बाजूला लागून दुसरा चौकोन करा, मधली काडी दोघांत सामाईक ठेवा. मग तिसरा. काड्या मोजत जा: ४, ७, १०, १३. मुलांना आधी विचारलं तर बहुतेक जण दुसऱ्या चौकोनाला ८ म्हणतात, कारण एका चौकोनाला चार काड्या लागतात हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यांना चूक म्हणून थांबवू नका. मांडू द्या. सामाईक काडी हाताला लागली की ८ चे ७ आपोआप होतात.

आता वहीत दोन ओळी लिहा.

सुरुवात: ४
नियम: नवं पद = आधीचं पद + ३

या दोन्ही ओळी लागतात. नुसता 'तीन मिळवा' हा नियम दिला तर ४, ७, १० येईल, तसंच ५, ८, ११ सुद्धा येईल. नुसती सुरुवात दिली तर पुढे काय करायचं ते कळणार नाही. माझ्या अनुभवात मुलांच्या चुकांपैकी निम्म्या पहिली ओळ न लिहिल्यामुळे होतात. नियम बरोबर ओळखलेला असतो, पण तो कुठून लावायचा हेच ठरवलेलं नसतं. म्हणून 'सुरुवात' आणि 'नियम' हे शब्द दर वेळी लिहायला लावा, अगदी सोपं उदाहरण असलं तरीही.

नियमाचं कारणही तोंडाने म्हणवून घ्या: "एक बाजू आधीच आहे, म्हणून तीनच नव्या काड्या." कारण सांगता आलं तर नियम समजला असं धरा.

शंभराव्या चौकोनापर्यंत किती काड्या, असं कुणी विचारेल. एकेक करत ९९ वेळा तीन मिळवणं कंटाळवाणं आहे, म्हणून तिथे आडवाट काढायची: पहिली उभी काडी एक आणि मग प्रत्येक चौकोनाला तीन, म्हणजे ३०० + १ = ३०१. दहावीच्या पुस्तकातली अंकगणिती श्रेढी ती हीच. पण घाई करू नका. सूत्र हवंसं वाटायला आधी पायऱ्यांनी चालून पाय दुखावे लागतात. संगणक असेल तर एक्सेलमध्ये पहिल्या चौकटीत ४ लिहा, तिच्या खाली 'वरची चौकट अधिक ३' असं सूत्र द्या आणि ते खाली ओढा. शंभरावी ओळ डोळ्यांदेखत भरते, आणि प्रत्येक चौकट फक्त आपल्या वरच्या चौकटीकडे बघते हेही दिसतं.

दुसरी पायरी: रांगोळीचे ठिपके मोजा

ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं पाहिली असतील तर 'सात ते चार' ही भाषा ओळखीची असेल. मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार अशा घटत जाणाऱ्या ओळी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर. पूर्ण मांडणी षटकोनी दिसते. अशा रांगोळीत एकूण ठिपके किती?

लहानापासून सुरू करा. एकच ठिपका: १. 'तीन ते दोन': २ + ३ + २ = ७. 'पाच ते तीन': ३ + ४ + ५ + ४ + ३ = १९. 'सात ते चार': ३७. आता या संख्या एका ओळीत लिहा आणि खाली लगतच्या दोन पदांमधला फरक लिहा.

१, ७, १९, ३७
६, १२, १८

वरची ओळ पाहून काही उमगत नव्हतं. खालच्या ओळीत सहाचा पाढा निघाला. म्हणजे पुढचा फरक २४ आणि 'नऊ ते पाच' रांगोळीत ३७ + २४ = ६१ ठिपके. विश्वास बसत नसेल तर अंगणात किंवा कागदावर मांडून मोजा. मी मोजले आहेत.

फरकाची ओळ लिहिणं ही या विषयातली सगळ्यात उपयोगी सवय आहे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या कितीतरी संख्यामालिका तेवढ्याने सुटतात. पण रांगोळीचा खरा फायदा असा की तिथे कारण डोळ्यांना दिसतं. मधल्या ठिपक्याभोवती सहा ठिपक्यांचं कडं आहे, त्याच्याभोवती बारांचं, त्याच्याभोवती अठरांचं. कड्याला सहा बाजू आहेत आणि बाहेर जाताना प्रत्येक बाजू एका ठिपक्याने वाढते. सहा बाजू, सहा नवे ठिपके. कडी वेगवेगळ्या रंगांनी भरा, मग समजावून सांगायची गरजच उरत नाही.

इथे जरा रेंगाळू या, कारण पुढचं मला स्वतःला फार आवडतं. रांगोळ्यांच्या ठिपक्यांची बेरीज करत जा. १. मग १ + ७ = ८. मग ८ + १९ = २७. मग २७ + ३७ = ६४. हे सगळे घन आहेत: एकाचा, दोनाचा, तीनाचा, चाराचा. सपाट अंगणातल्या ठिपक्यांमध्ये ठोकळ्यांचे घन कुठून आले? घरात रुबिक क्यूब असेल तर त्याचा एक कोपरा डोळ्यांसमोर धरा. कडेची आकृती षटकोनी दिसते. अगदी आतला, मधला तुकडाही धरला तर २७ तुकड्यांच्या त्या ठोकळ्यातले १९ तुकडे तुम्हाला दिसतात आणि मागे लपलेले उरतात ८, म्हणजे दोनाचा घन. दोनाच्या घनावर एका कोपऱ्याकडून १९ तुकड्यांचा थर चढवला की तीनाचा घन होतो. तो १९ चा थर म्हणजेच 'पाच ते तीन' रांगोळी.

याच जातीचं एक सोपं उदाहरण घरी करून पाहा. संक्रांतीला खोलीत एकेक माणूस येतो आणि आधी आलेल्या प्रत्येकाबरोबर तिळगुळाची एकदा देवाणघेवाण करतो. एकूण देवाणघेवाणी ०, १, ३, ६, १०. पाचवा माणूस आला की चार नव्या. मुलांना नियम सांगू नका, माणसं आत पाठवत राहा.

मध्येच एक सावधगिरी

एक वर्तुळ काढा. परिघावर दोन बिंदू घेऊन ते जोडा: वर्तुळाचे २ भाग. तीन बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा: ४ भाग. चार बिंदू: ८. पाच बिंदू: १६. आता सहा बिंदूंना किती?

सगळे ३२ म्हणतात. मीही म्हटलं होतं. प्रत्यक्षात जास्तीत जास्त ३१ होतात, आणि बिंदू अगदी समान अंतरावर घेतले तर मधोमध तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि ३०च भाग होतात. चार-पाच पदांवरून नियम ओळखणं हा केवळ अंदाज असतो. 'दुप्पट का होते?' याला उत्तर नव्हतं, तिथेच शंका यायला हवी होती. काड्यांमध्ये सामाईक बाजू होती, रांगोळीत सहा कडा होत्या. इथे तसं काहीच हाती नव्हतं. हे चित्र मुलांकडून एकदा तरी काढून घ्या, पेन्सिल बारीक टोकाची आणि वर्तुळ मोठं.

तिसरी पायरी: मागची दोन पदं लागतात तेव्हा

जिना चढताना एका वेळी एक पायरी किंवा दोन पायऱ्या घेता येतात असं धरा. चार पायऱ्यांचा जिना किती प्रकारे चढता येईल?

सगळे प्रकार लिहून काढता येतील, पण एक प्रश्न विचारला की काम निम्मं होतं: शेवटचं पाऊल किती पायऱ्यांचं होतं? एकीचं असेल तर त्याआधी तुम्ही तिसऱ्या पायरीवर होतात. दोनचं असेल तर दुसऱ्या पायरीवर. तिसरा पर्याय नाही. म्हणून चौथ्या पायरीवर पोचायचे प्रकार = तिसरीवर पोचायचे प्रकार + दुसरीवर पोचायचे प्रकार.

सुरुवात: १, २
नियम: नवं पद = आधीचं पद + त्याच्या आधीचं पद

१, २, ३, ५, ८, १३, २१. इथे सुरुवातीला दोन पदं लागली, कारण नियम दोन घरं मागे बघतो. जितकं मागे बघायचं तितकी सुरुवात द्यायची.

या संख्या जगभर फिबोनाचीच्या नावाने ओळखल्या जातात. इटलीतल्या या गणितज्ञाने १२०२ मधल्या आपल्या ग्रंथात सशांच्या जोड्यांचं उदाहरण दिलं. पण आपल्याकडे त्या त्याच्याही आधी मोजल्या गेल्या होत्या, आणि त्याही कवितेसाठी. मराठी व्याकरणात वृत्तं शिकताना आपण लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरतो. छंदशास्त्राच्या अभ्यासकांना प्रश्न पडला: चार मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल? लघु म्हणजे एक पायरी, गुरू म्हणजे दोन. प्रश्न जिन्याचाच आहे. विरहांकाने इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कधीतरी हा नियम दिला आणि गुजरातेतल्या हेमचंद्राने बाराव्या शतकात, ११५० च्या सुमारास, तो स्पष्ट शब्दांत मांडला: शेवटच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या.

हे कागदावर नको, टाळ्यांवर करा. लघुला एक टाळी, गुरूला एक टाळी आणि एक मोकळा ठोका. चार ठोक्यांत बसणारे सगळे प्रकार वाजवा: चारही लघु, गुरू आधी आणि मग दोन लघु, लघु-गुरू-लघु, दोन लघु आणि शेवटी गुरू, दोन्ही गुरू. पाच झाले. आता लघुने संपणारे वेगळे करा: तीन. गुरूने संपणारे: दोन. तीन आणि दोन पाच, आणि हे कानांनी ऐकलेलं असतं. ज्या मुलांना आकड्यांची भीती वाटते, त्यांच्यासाठी मला याहून चांगला रस्ता सापडलेला नाही.

चौथी पायरी: उलट्या दिशेने विचार

आतापर्यंत लहानाकडून मोठ्याकडे गेलो. पुनरावर्ती विचाराची खरी ताकद उलट दिशेला आहे: मोठा प्रश्न आला की तसाच, पण एका पायरीने लहान प्रश्न शोधायचा.

स्वयंपाकघरातून परात, ताट, ताटली आणि बशी घ्या. सगळ्यात मोठी खाली, अशी चळत लावा. जमिनीवर तीन जागा ठरवा. पूर्ण चळत पहिल्या जागेवरून तिसऱ्या जागेवर न्यायची आहे. एका वेळी एकच भांडं उचलायचं आणि लहान भांड्यावर मोठं कधीही ठेवायचं नाही. हे कोडं फ्रान्समधल्या एदुआर ल्युका या गणितज्ञाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं.

चार भांडी घेऊन थेट सुरुवात केली तर बहुतेकांचा गोंधळ होतो. म्हणून असं विचारा: परात कधी हलेल? तिच्यावर काहीच नसेल आणि तिसरी जागा रिकामी असेल तेव्हाच. म्हणजे वरची तीन भांडी तोवर मधल्या जागेवर गेलेली असली पाहिजेत. ती कशी न्यायची? तेच कोडं, एक भांडं कमी. परात हलवली की ती तीन पुन्हा तिच्यावर आणायची. पुन्हा तेच.

नवीन शिकणाऱ्याला हे पटत नाही. "पण ती तीन कशी नेली ते तर सांगितलंच नाही!" बरोबर आहे, सांगितलं नाही. तीन भांड्यांचा प्रश्न दोनांवर सोपवला, दोनांचा एकावर, आणि एक भांडं उचलून ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. ते शेवटचं एक भांडं म्हणजे आपली 'सुरुवात'ची ओळ. ती नसती तर प्रश्न मागे मागे ढकलला गेला असता आणि कधीच सुटला नसता. इथे घाई न करता मुलाकडून आधी एक, मग दोन, मग तीन भांडी हलवून घ्या, आणि चारच्या वेळी फक्त एवढंच म्हणा: "तीन तुला येतात."

चाली मोजा: १, ३, ७, १५. आधीच्या चाली दोनदा आणि परातीची एक, म्हणून नवं पद = आधीच्या पदाची दुप्पट + १. परीक्षेत ३, ७, १५, ३१ पुढे काय, असं विचारलं तर ६३ कुठून येतात ते आता भांड्यांवरून सांगता येईल. दहा भांड्यांना १०२३ चाली लागतात. ल्युकाच्या कोड्यासोबत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत ६४ चकत्या आहेत. सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील.

पाचवी पायरी: कात्रीने मसावि

शाळेत भागाकार पद्धतीने मसावि, म्हणजे दोन्ही संख्यांना निःशेष भागणारी सगळ्यात मोठी संख्या, काढला असेल. तीही हीच रीत आहे, फक्त कुणी तसं सांगत नाही. चौकटीच्या कागदावर ३० बाय १८ घरांचा आयत कापा. त्यातून बसेल तेवढा मोठा चौरस कापून काढा: १८ बाय १८. उरला १८ बाय १२. त्यातून १२ चा चौरस. उरला १२ बाय ६. त्याचे ६ चे दोन चौरस झाले आणि काहीच उरलं नाही. ३० आणि १८ चा मसावि ६.

कारण असं: जी संख्या ३० आणि १८ दोघांना निःशेष भागते, ती त्यांच्या फरकालाही, म्हणजे १२ लाही भागते. आणि जी १८ आणि १२ ला भागते ती ३० लाही भागते. म्हणून मोठ्या जोडीचा प्रश्न लहान जोडीवर सोपवला तरी उत्तर बदलत नाही. नियम आहे 'मोठ्याच्या जागी बाकी घ्या' आणि थांबायची जागा आहे 'बाकी शून्य'. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने ही रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली. आर्यभटाने ४९९ मध्ये याच पद्धतीच्या भागाकारावर आधारलेली एक रीत दिली, तिला पुढे कुट्टक हे नाव पडलं. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणं. खलबत्त्यात वेलदोडा कुटतो तशा मोठ्या संख्या कुटत कुटत लहान करायच्या. इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता शेवटचा कागद. १३ बाय ८ घरांचा आयत कापा आणि तेच करा. पहिला चौरस ८ चा, मग ५ चा, मग ३ चा, मग २ चा, मग १ चे दोन. कापलेले चौरस लहानापासून ओळीने जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावर त्याच्या बाजूची लांबी लिहा. जिन्याच्या वेळी वहीत उतरवलेली ओळ शेजारी उघडून ठेवा.